पायातली माती फाटकाबाहेर जाण्याआधी : बांधकाम करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, माती परीक्षण प्रयोगशाळा आणि बांधकाम ठेकेदार

स.न.वि.वि.

पत्राचा विषय माती हा आहे. ज्या मातीवर तुम्ही इमारत उभी करता ती नव्हे, तर ती उभी करण्यासाठी जी उपसून फेकून देता ती. निविदेत तिच्या वाट्याला एकच ओळ येते : 'खोदाईतून निघालेला माल साइटबाहेर वाहून नेऊन विल्हेवाट लावणे.' त्या ओळीत शेकडो टन साहित्य निकालात निघतं आणि पान उलटलं की विटा, ब्लॉक, रेती, भरावाची माती यांच्या खरेदीचे आयटम सुरू होतात. मी मातीचे ब्लॉक पाडण्याच्या धंद्यात आहे, तेव्हा हे बोलणं स्वार्थाचं वाटेल. वाटू द्या. हिशोब तेवढा तपासून बघा.

समजा १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद इमारत आहे आणि खाली ३ मीटर खोल तळघर. म्हणजे २४० घनमीटर खोदाई झाली. खोदलेली माती मोकळी होऊन फुगते. चौथा हिस्सा फुगली असं धरलं तर ३०० घनमीटर, म्हणजे १० घनमीटरच्या डंपरच्या ३० फेऱ्या. आता दुसरा हिशोब. वरचा ३० सेंटीमीटरचा थर ब्लॉकला चालत नाही, कारण त्यात मुळं, पालापाचोळा, कुजकं सगळं असतं. तो वेगळा काढून झाडांसाठी ठेवायचा. राहिली २१६ घनमीटर. जमिनीत असताना घनमीटरला साधारण १.७ टन आणि ब्लॉकमध्ये दाबल्यावर १.९ टन धरा. १९० घनमीटरच्या वर ब्लॉक निघतात. वाटलं तर निम्मी माती नापास करा. तरी ९५ घनमीटर हाताशी आहेत, म्हणजे २४ सेंटीमीटर जाडीची जवळपास ४०० चौरस मीटर भिंत. या इमारतीचा घेर ३६ मीटर. तीन-तीन मीटर उंचीचे तीन मजले चहूबाजूंनी बांधायचे, एकही दार-खिडकी वजा करायची नाही, तरी ३२४ चौरस मीटर लागतात.

म्हणजे निम्मी टाकून दिली तरी माती उरते. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. कुठे नुसता खडक लागेल, कुठे काळी फुगणारी चिकणमाती लागेल, कुठे जुन्या भरावातला राडारोडाच निघेल. पण हे बघायचं कुणी आणि केव्हा? माझी तक्रार इथेच आहे. माती कशी आहे हे ठेकेदाराला जेसीबीचं पहिलं बकेट वर आल्यावर कळतं आणि तोवर डंपर येऊन उभा असतो.

खरं तर कळायला हवं त्याच्या कितीतरी आधी. इमारतीचं डिझाइन सुरू होताना तुम्ही बोअर घेता, ट्रायल पिट (तपासणीचे खड्डे) खणता, नमुने प्रयोगशाळेत पाठवता. तिथे माती चाळण्यांतून चाळली जाते, रेती किती, पोयटा (रेती आणि चिकणमाती यांच्या मधल्या जाडीचे बारीक कण) किती, चिकणमाती किती हे काढलं जातं, लिक्विड लिमिट आणि प्लास्टिक लिमिट, म्हणजे किती पाण्याला माती पातळ होते आणि किती पाण्याला मळता येण्याजोगी होते, तीही मोजली जाते. ब्लॉक पाडणाऱ्याला सुरुवातीला नेमके हेच आकडे हवे असतात! ते तुमच्या अहवालात छापलेलेच असतात. पण अहवालाचा सगळा रोख जमीन किती भार पेलेल याकडे. तो आकडा मिळाला की बाकीची पानं कुणी उघडत नाही. हीच माती भिंतीला चालेल का, हा प्रश्न प्रयोगशाळेला कुणी विचारलेला नसतो आणि न विचारता उत्तर द्यायला ती कशाला बसेल?

'मातीची भिंत' म्हटल्यावर अनेक इंजिनिअरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला ठाऊक आहे. ओल धरलेली, पोपडे सुटलेली, एका पावसात बसलेली भिंत त्यांच्या डोळ्यांपुढे येते. मी बोलतोय तो ब्लॉक वेगळा. चाळलेल्या मातीत थोडं सिमेंट किंवा चुना मिसळायचा, जेमतेम ओल द्यायची, यंत्रात दाबायचा आणि न भाजता नुसत्या क्युरिंगवर, म्हणजे ओला ठेवून, पिकवायचा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९५० च्या दशकात राउल रामिरेझ यांनी यासाठी सिन्व्हा-राम नावाचं हातयंत्र बनवलं. एक साचा आणि एक लांब दांडा, बस्स. आजही जगभर फिरणाऱ्या बहुतेक हातयंत्रांचं मूळ त्यात आहे. बुर्किना फासोमधल्या गांदो गावची वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी बांधलेली शाळा २००१ मध्ये पुरी झाली, ती अशाच ब्लॉकची. केरे यांना २०२२ मध्ये वास्तुकलेतला प्रिट्झ्कर पुरस्कार मिळाला. आणि प्रमाणग्रंथांचं म्हणाल, तर स्थिरीकृत मातीच्या ब्लॉकसाठी आयएस १७२५ हे भारतीय मानक १९६० पासून आहे आणि १९८२ व २०१३ मध्ये ते सुधारलंही गेलं. तेव्हा 'कोडमध्ये बसत नाही' हे उत्तर आता पुरे झालं.

मोठ्या शहराच्या खोदाईलाही हे लागू पडतं. पॅरिसभोवती नव्या मेट्रोचं काम निघालं तेव्हा उपशाच्या मातीचा अंदाज ४ कोटी टनांच्या वर होता. तिचं करायचं काय, यातून शेजारच्या सेव्रां इथे सिक्ल तेर हा प्रकल्प उभा राहिला. खोदाईच्या मातीचे ब्लॉक, जोडाईचा गारा आणि गिलाव्याचा माल बनवणारा तिथला कारखाना २०२१ मध्ये सुरू झाला. सगळी माती तिथे खपते असं मुळीच नाही. त्या ढिगापुढे तो कारखाना चिमूटभर आहे. पण मातीची जात आधी ओळखायची, वेगवेगळी ठेवायची आणि मग भिंतीला पाठवायची, ही शिस्त तिथे बघायला मिळते.

आता जातीविषयी. मातीच्या बांधकामावर काम करणाऱ्या ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटने सिमेंट घालायच्या मातीसाठी ढोबळ प्रमाण दिलंय : खडी १५ टक्के, रेती ५०, पोयटा १५ आणि चिकणमाती २०. चुना घालायचा तर चिकणमाती ३५ टक्क्यांपर्यंत चालते आणि रेती ३० वर येते. कारण सरळ आहे. सिमेंट रेतीचे कण एकमेकांना धरून ठेवतं. चिकणमाती जास्त झाली की ते कणांपर्यंत पोचतच नाही, गोळ्यांच्या बाहेरच राहतं. चुन्याचं उलट. त्याला चिकणमातीच हवी, तिच्यातल्या सिलिका आणि ॲल्युमिनाशी त्याचा हळूहळू संयोग होतो आणि ब्लॉक आठवड्यांनी, महिन्यांनी घट्ट होत जातो. माती फार चिकट निघाली तर रेती किंवा पाडकामाचा दळलेला चुरा घालून ती सुधारता येते. फार रेताड निघाली तर दुसऱ्या खड्ड्यातली चिकण मिसळता येते.

न सुधारणारी मातीही असते. कुजका अंश असला की सिमेंट नीट धरत नाही. सल्फेट असलं तर आणखी वाईट : चुना-सिमेंटाबरोबर एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार होतात, ते फुगतात आणि दिसायला ठणठणीत असलेला ब्लॉक काही महिन्यांनी आतून फुटतो. बाटलीतल्या पाण्यात माती हलवून थर मोजण्याची चाचणी साइटवर झटपट होते. रेती मिनिटाभरात खाली बसते, पोयटा त्यावर, आणि चिकणमातीचं गढूळपण तासन् तास राहतं. उपयोगी आहे, मी रोज करतो. पण सल्फेट बाटलीत दिसत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते, आणि म्हणून हे पत्र तिच्याही नावे आहे.

सिमेंटाविषयी माझ्याच धंद्यातल्या लोकांना थोडं टोचणारं लिहितो. ब्लॉक ठिसूळ झाला की सिमेंट वाढव, ही सगळ्यांची सवय. ५ टक्के म्हणजे घनमीटरला ९५ किलो. १० टक्के झालं की १९० किलो, आणि तेवढ्या सिमेंटात साधा काँक्रीट ब्लॉक होतो. मग मातीचं सोंग कशाला? जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटाचा आहे, आणि त्यातला मोठा भाग जळणाचा नसून चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघणाऱ्या वायूचा आहे. भट्टी कितीही सुधारली तरी तो निघणारच. त्यामुळे १० टक्क्यांच्या वर जावं लागत असेल तर ती माती ब्लॉकला नाही, असं सरळ सांगावं आणि दुसऱ्या कामाला लावावी. माझ्या अनुभवात ठिसूळ ब्लॉकचं कारण बहुतेक वेळा कमी सिमेंट नसतंच. माती नीट चाळलेली नसते, सुकी मिसळण्याआधीच पाणी ओतलेलं असतं किंवा पाणी चुकलेलं असतं.

हे पाणी चुकणं म्हणजे काय ते जरा जवळून सांगतो, कारण कागदावर ते 'ऑप्टिमम मॉइश्चर' म्हणून एका आकड्यात संपतं. माती आणि सिमेंट सुकंच फावड्याने दोन-तीनदा उलटंपालटं करायचं, रंग एकसारखा होईपर्यंत. मग झारीने पाणी शिंपडत पुन्हा उलथायचं. मुठीत दाबून गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायचा. चार-पाच मोठे तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी. न फुटता चपटा बसला तर जास्त. सकाळी बरोबर असलेला माल दुपारी उन्हात कोरडा पडतो, म्हणून दर घाणीला (एका वेळी कालवलेल्या मालाला) गोळा टाकून बघायचा. आणि पाणी लागल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ती घाणी यंत्रातून निघाली पाहिजे, नाहीतर सिमेंट ढिगातच धरायला लागतं. ज्याच्या हाताला हा गोळा कळतो तो मजूर साइटवर सगळ्यात मोलाचा. त्याला हजेरीपटावर 'बिगारी' लिहून ठेवतात, हे मला अजून पटलेलं नाही.

क्युरिंगचं थोडक्यात. सुरुवातीचे दिवस झाकून, सावलीत, ओलं ठेवायचं. २८ दिवसांच्या आत भिंतीत घालायचा नाही.

साइटवरची दुसरी मोठी चूक म्हणजे सगळ्या प्रकारची माती एका ढिगात ओतणं. पाइलिंगसाठी (जमिनीत खोल खांब घालायला) किंवा डायफ्रॅम वॉलसाठी (जमिनीत खोल भिंत घालायला) बेंटोनाइटचा गाळ वापरतात. बेंटोनाइट ही पाण्याने प्रचंड फुगणारी चिकणमाती आहे. भोक ढासळू नये म्हणून ती उत्तम, ब्लॉकमध्ये मात्र विष. काम संपल्यावर तो गाळ शेजारच्या चांगल्या रेताड मातीवर सोडून दिलेला मी पाहिलाय. सकाळपर्यंत पास असलेली माती संध्याकाळी बाद. हे टाळायला लागतं काय, तर दोन वेगळे ढीग, मध्ये एक चर आणि वरच्या थराचा तिसरा ढीग.

इथे आणखी एका गोष्टीबद्दल सावध करतो, कारण 'टाकाऊ चिखलाच्या विटा' या नावाखाली हल्ली काहीही येऊ लागलंय. चिखल चिखलात फरक असतो. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल चिखल घ्या. टनभर ॲल्युमिनामागे तो १ ते १.५ टन निघतो, म्हणून तो कुठेतरी खपवायची कारखान्यांना घाई असते. तो तीव्र अल्कधर्मी असतो. हंगेरीत आयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी त्याच्या तळ्याचा बांध फुटला तेव्हा १० माणसं गेली आणि कित्येकांची कातडी भाजली. ब्लॉकमध्ये घातल्यावर त्यातला सोडियम भिंतीवर लोणा, म्हणजे पांढरे क्षार, आणतो. मूळ बॉक्साइटमधलं थोरियम आणि युरेनियम या चिखलात साठून राहतं, त्यामुळे किरणोत्सर्गही तपासावा लागतो. युरोपीय संघात त्यासाठी रेडियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचा मिळून एक निर्देशांक काढतात आणि तो १ च्या आत असला तर पुढच्या छाननीची गरज धरत नाहीत. लाल चिखल वापरूच नये असं मी म्हणत नाही. योग्य प्रमाणात, तपासून वापरता येतो. पण राहत्या घराची भिंत ही कारखान्याची कचरापेटी नव्हे. बंदरातून उपसलेल्या गाळात मीठ आणि जड धातू असू शकतात. हॅम्बर्ग बंदरात १९९३ पासून मेथा नावाचा प्रकल्प गाळातून रेती वेगळी काढतो. अशा गाळाशी वागायची रीत तीच : आधी वेगळं करा, मग ठरवा. संगमरवर कापतानाची स्लरी मात्र बरीच निरुपद्रवी, म्हणजे जवळपास नुसती चुनखडीची पूड. ती भर म्हणून चालते, चिकणमातीचं काम तिच्याकडून होणार नाही.

आता तुमचे आक्षेप. पाण्याचा आक्षेप खरा आहे. भिजलेल्या ब्लॉकची ताकद सुक्याच्या साधारण निम्मीच भरते. म्हणून चाचणी भिजवूनच घ्यायची आणि डिझाइनला तोच आकडा धरायचा. सुक्या ब्लॉकचा आकडा दाखवणाऱ्या पुरवठादाराला तिथूनच परत पाठवा. जोत्याखाली, तळघराच्या भिंतीत, पागोळ्यांचा थेट मार बसेल तिथे हा ब्लॉक मी स्वतः घालणार नाही. जोतं उंच घेतलं, ओलरोधक थर न विसरता घातला आणि वळचण पुरेशी बाहेर काढली, की वरच्या भिंतीचा प्रश्न उरत नाही. हे तुम्हाला नवीन नाही, विटेच्या भिंतीलाही हेच लागतं.

वेळेचा आक्षेप मला फारसा पटत नाही. खोदाई पहिल्या महिन्यात होते, भिंती त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी येतात, मध्ये पाया, तळघर, आरसीसीचा सांगाडा. ब्लॉक पिकायला हवा तेवढा वेळ आपोआप मिळतो. जागेचा आक्षेप मात्र खडतर आहे. भरवस्तीतल्या प्लॉटवर खड्ड्याच्या कडेला उभं राहायला जागा नसते, तिथे ढीग आणि यंत्र आणि ब्लॉकच्या थप्प्या कुठे मांडणार? तिथे जवळपासच्या चार-पाच साइटनी मिळून एक आवार घेणं हाच मार्ग मला दिसतो, आणि तो कुणा एकट्या ठेकेदाराच्या हातातला नाही. शिवाय माती फाटकाबाहेर गेली की कायद्याच्या नजरेतही बदलू शकते. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचराविषयक निर्देशात, उकरलेली निर्मळ माती त्याच साइटवर नैसर्गिक अवस्थेत बांधकामाला वापरली जाणार हे नक्की असेल, तर तिला कचरा धरलेलं नाही. बाहेर गेली की सवलत आपोआप लागू राहत नाही. म्हणजे ढीग कुठे पडतो यावर कागदपत्रं किती वाढतात ते ठरतं.

आणि पैशाचं बोलायचं राहिलं. माती वाहून नेण्याचं बिल घनमीटरवर निघतं. जितकी जास्त बाहेर, तितकं बिल मोठं. असं बिल लावणाऱ्या माणसाकडूनच माती वाचवण्याची अपेक्षा करणं भाबडेपणा आहे. ठेकेदारांना मी दोष देत नाही, आयटमच तसा लिहिलेला असतो. तो लिहिणाऱ्यांनी बदलावा. माती वेगळी करणं, झाकून ठेवणं, चाळणं आणि ब्लॉक पाडणं यांना स्वतंत्र आयटम आणि स्वतंत्र दर द्या. बाहेर जाणाऱ्या मातीसाठी 'ब्लॉकला नापास' असा प्रयोगशाळेचा शेरा जोडायला लावा. असा शेरा नसेल तर वाहतुकीचं बिल थांबवा.

वास्तुविशारदांकडे एवढंच मागणं की भिंतीची जाडी आणि ब्लॉकचं माप माती कळल्यावर ठरवा. नकाशा मंजूर झाल्यावर, काँक्रीट ब्लॉकच्या मापाने बसवलेल्या भिंतीत मातीचा ब्लॉक कोंबायला सांगितलं की तोडफोड होते आणि नाव मातीचं खराब होतं.

प्रयोगशाळांचं काम यात सगळ्यात सोपं आहे, म्हणून सुरुवात तुम्ही करावी. ट्रायल पिट खणताना वरचा थर सोडून प्रत्येक थराची शंभरेक किलो माती जास्तीची उचला. अहवालाला एक पान जोडा : कुजका अंश, सल्फेट, आकुंचन आणि ५, ७ व ९ टक्के सिमेंट घालून पाडलेल्या ब्लॉकची २८ दिवसांनंतरची भिजवून घेतलेली ताकद. चिकणमाती जास्त असेल तर एक संच चुन्याचाही. यंत्र नसेल तर माझ्यासारखा कुणीही ब्लॉक पाडून देईल. हे पान निविदा निघण्याआधी इंजिनिअरच्या टेबलावर असलं, तर डंपर कशासाठी बोलवायचा ते त्याला ठरवता येईल.

कळावे,

आपला,
मातीचे ब्लॉक पाडणारा एक कारागीर